त्या घरातला पियानो कोणाचा?

युद्धानंतरच्या परदेशातील बालपणाविषयी लिहिण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. त्याला उत्तर म्हणून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकमेकांना इतकी जवळची आहेत की ती या वेळी एकत्रच घेत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यात आहेत.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये राहते. तिच्या शेजारच्या आजी आता ८५ वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील ब्रिटिश सैन्यात सार्जंट होते आणि १९४६ च्या सप्टेंबरात, सहा वर्षांच्या असताना, आजी आपली आई आणि धाकटा भाऊ यांच्यासह बोटीने जर्मनीला गेल्या. त्यांना आठवते ते एक मोठे घर, दिवाणखान्यातला पियानो, माळ्यावरचे बाहुलीघर, स्वयंपाकाला येणारी एक अबोल जर्मन बाई आणि मागच्या दाराशी कचऱ्याच्या डब्यात हात घालणारी दोन मुले. आजी म्हणतात की आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ तोच, पण तो सांगताना संकोच वाटतो. साध्या सार्जंटाला असे सजलेले घर मिळाले कसे? आणि इतक्या लहानपणीची आठवण कितपत खरी मानावी? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आठवण खरी मानण्यास काहीच हरकत नाही, तिच्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील त्या काळाच्या नोंदींशी जुळतो. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला तेव्हा त्या देशाचे चार विभाग करण्यात आले, आणि हॅम्बुर्ग, हॅनोव्हर, कोलोन ही शहरे असलेला वायव्येचा भाग ब्रिटिशांकडे गेला. सैन्य तिथे दीर्घकाळ राहणार हे स्पष्ट झाल्यावर, आणि वर्षानुवर्षे घरापासून दूर असलेल्या सैनिकांच्या संसारांना तडे जाऊ लागल्याचे दिसल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यापासून त्यांच्या बायकामुलांना तिकडे नेण्यास सुरुवात झाली. टेम्स नदीवरच्या टिलबरी बंदरातून बोट, कुक्सहाफेनला उतरायचे, आणि पुढे आगगाडी. तेव्हा आजींचा सप्टेंबर आणि आजींची बोट या दोन्ही गोष्टी अगदी ठिकाणावर आहेत.

घराची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी. बॉम्बहल्ल्यांत हॅम्बुर्गची जवळजवळ निम्मी घरे नाहीशी झाली होती, इतर मोठ्या शहरांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती, आणि त्यातच पूर्वेकडून हाकलून दिलेले सुमारे १.२ कोटी जर्मन लोक उरलेल्या प्रदेशात आसरा शोधत होते. अशा देशात हजारो परक्या कुटुंबांसाठी घरे कुठून आणायची? ती नव्याने बांधलेली नव्हती. उभी राहिलेली चांगली घरे निवडून ताब्यात घेतली गेली होती. मूळ मालकाला अल्प मुदतीची सूचना मिळे, कपडे आणि थोडे सामान नेण्याची परवानगी मिळे, आणि पलंग, गालिचे, काचसामान, पियानो हे सारे जागच्या जागी ठेवून त्याला निघावे लागे. बाड ओएनहाउजेन या लहानशा आरोग्यनगरीत तर सैन्याचे मुख्यालय बसवायचे म्हणून मे १९४५ मध्ये गावाचा मध्यभागच रिकामा करण्यात आला, हजारो रहिवासी बाहेर गेले आणि त्याभोवती काटेरी तारेचे कुंपण पडले. मुख्यालय १९५४ मध्ये राइनडालेनला हलले तेव्हा कुठे त्या लोकांना आपल्या दारांचे पूर्ण दर्शन झाले. कोणाला किती मोठे घर द्यायचे हे हुद्द्यावर ठरे, पण मालकाच्या हुद्द्याचा तिथे प्रश्नच नव्हता. म्हणून लंडनच्या दोन खोल्यांतून आलेल्या सार्जंटाच्या मुलीला एखाद्या वकिलाच्या किंवा कारखानदाराच्या दिवाणखान्यात खेळायला मिळे.

घर ताब्यात घेताना सामानाची यादी होई आणि सोडताना ती पुन्हा पडताळली जाई. खडकी, देवळाली किंवा औंधच्या लष्करी क्वार्टरमध्ये राहिलेल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीच्या आदल्या दिवशी खुर्च्या मोजणारा कारकून आणि फुटलेल्या बशीचे पैसे भरणारी आई त्यांनी पाहिलेली असते. फरक इतकाच की आपल्याकडच्या यादीतल्या खुर्च्या सरकारच्या असतात. आजींच्या घरातल्या यादीत पियानो होता, चमचे होते, कदाचित बाहुलीघरही होते, आणि त्या यादीतली प्रत्येक वस्तू कोणीतरी हौसेने किंवा हुंड्यात आणलेली होती. मूळ कुटुंबाला कधी कधी त्याच घराच्या तळघरात किंवा माळ्यावर राहू देत. मालकीणच आपल्या घरात मोलकरीण म्हणून राहिल्याचीही उदाहरणे आहेत. आजींची ती अबोल बाई त्यांपैकी होती असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण तिने ही नोकरी का धरली असेल हे सांगता येते. त्या नोकरीत पगारापेक्षा एक वेळचे गरम जेवण मोलाचे होते, कारण मार्कला किंमत उरली नव्हती आणि बाजारात खरे चलन म्हणून सिगारेट चालत होती.

कचऱ्याच्या डब्याविषयी. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश विभागातील सामान्य जर्मन ग्राहकाचे रेशन दिवसाला सुमारे १,०१४ कॅलरींवर आणले गेले. मोठ्या माणसाला जगायला हे निम्मेसुद्धा नाही. त्यानंतरचा १९४६-४७ चा हिवाळा युरोपात त्या शतकातील अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एक ठरला. नद्या गोठल्या, कोळशाच्या नावा अडकल्या, आणि लोक थांबलेल्या मालगाड्यांवर चढून कोळसा खाली फेकू लागले. १९४६ च्या अखेरच्या रात्री कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितले की, जीव आणि आरोग्य राखण्यासाठी लागणारी वस्तू काम करून किंवा मागून मिळत नसेल, तर ती घेणे समजून घेता येईल. लोकांनी पुढचे सगळे बारकावे सोडून दिले आणि कोळसा चोरण्यासाठी 'फ्रिंग्जन' असे क्रियापदच पाडले. धर्मगुरूच्या नावावरून चोरीचे क्रियापद पडावे, हा विनोद उपाशी माणसालाच सुचू शकतो.

आता दुसरी बाजूही पाहावी, कारण तिच्याशिवाय आजींचे सुख समजणार नाही. जिंकलेल्या ब्रिटनमध्येही भरपूर काही नव्हते. युद्धाच्या सहा वर्षांत तिथे पावावर कधी रेशन लागले नव्हते. ते लागले जुलै १९४६ मध्ये, शांतता झाल्यावर, आणि त्यामागचे एक कारण जर्मनीतील ब्रिटिश विभागाला धान्य पुरवणे हेही होते. मिठाईवरचे रेशन तर फेब्रुवारी १९५३ पर्यंत टिकले. रांगेतून, थंड खोलीतून आणि वडिलांविना गेलेल्या वर्षांतून उठून जे मूल त्या घरात आले, त्याला ऊब, गोडधोड आणि वडील या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात मिळाल्या. ते सुख खोटे कसे म्हणावे?

माझे मत विचाराल तर लहान मुलाची स्मृती वस्तूंच्या बाबतीत फारच विश्वासू असते आणि कारणांच्या बाबतीत मुळीच नसते. सहा वर्षांच्या मुलीने पियानो पाहिला, डब्यातला हात पाहिला. पहिल्याचे दुसऱ्याशी काही नाते असेल हे तिला कोणी सांगितले नाही, आणि सांगणारे मोठे लोक स्वतःच त्याविषयी बोलणे टाळत होते. ते नाते तिला पुढे केव्हातरी, बहुधा स्वतःचे घर झाल्यावर, उमगले. संकोच आहे तो तेव्हाचा. तो सहा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर मांडू नये, आणि मोठ्या बाईच्या खात्यावरून खोडूही नये. आपल्या मुलीने आजींना इतकेच विचारावे : घरात इतर कोणाच्या मुलांच्या खुणा होत्या का? पुस्तकांवर नाव, दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा, फडताळात राहिलेले बूट? आणि रस्त्याचे नाव आठवते का? पत्ता मिळाला, तर त्या गावच्या अभिलेखागारात विचारणा करता येईल. पियानो कोणाचा होता हे कदाचित अजूनही कळेल.

प्रश्न : या मुलांची शाळा कशी असे? आणि वर्षानुवर्षे जर्मनीत राहूनही त्यांतील बहुतेकांना जर्मन का येत नाही? (एक शिक्षक, सांगली)

उत्तर : सैन्याबरोबर शाळाही आली. अमेरिकनांनी आपल्या विभागात ऑक्टोबर १९४६ मध्ये शाळा उघडल्या. ब्रिटिशांनी त्याच वर्षी कुटुंबांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र सेवा उभारली आणि १९४७ च्या आरंभापासून ठिकठिकाणी वर्ग भरू लागले. मोठ्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या त्या चक्क जर्मन नौदलाच्या जुन्या आवारांत : विल्हेल्म्सहाफेनला १९४७ मध्ये प्रिन्स रूपर्ट शाळा आणि प्लोन येथे १९४८ मध्ये किंग अल्फ्रेड शाळा. पाणबुड्यांच्या खलाशांसाठी बांधलेल्या खोल्यांत मुलगे आणि मुली एकाच शाळेत शिकत होत्या, ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडमध्येही सर्रास नव्हती.

भाषा न येण्याचे कारण कुंपण. दुकान आपले, सिनेमा आपला, दवाखाना आपला, आणि नाणीसुद्धा वेगळी. सैन्याच्या कँटीनमध्ये तीन पेन्सचीही कागदी पावती-नोट चाले आणि ती जर्मन माणसाला बाळगता येत नसे. सैनिकांनी जर्मनांशी बोलू नये असा जो आरंभीचा हुकूम होता, तो जून १९४५ मध्ये शिथिल झाला तेव्हा पहिली सूट लहान मुलांशी बोलण्याची होती, कारण रस्त्यात हात पुढे करणाऱ्या पोराकडे पाठ फिरवणे सैनिकांना जमेना. पण हुकूम गेला तरी कुंपण राहिले. मुलांना येई ते स्वयंपाकघरातले जर्मन : ये, जा, नको, लवकर, आणि 'कापुट', म्हणजे मोडले. ब्रिटिश अमदानीत पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्या गोऱ्या मुलांना आयाची हिंदुस्थानी जेवढी येई, तेवढेच. हे साम्य केवळ मला सुचलेले नाही. त्या काळच्या इंग्लिश टीकाकारांनीही जर्मनीतल्या आपल्या साहेबी थाटाला हिंदुस्थानची उपमा दिली होती.

प्रश्न : रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांची बायकामुले शहरातच होती असे वाचले. त्यांना आधीच हलवले का नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हलवावे असा आग्रह वॉशिंग्टनमधून झाला होता आणि जर्मनीतल्या अमेरिकन विभागाचे लष्करी प्रमुख जनरल लूशियस क्ले यांनी तो मानला नाही. १९४८ च्या वसंतात, प्रत्यक्ष नाकेबंदीच्या आधी, त्यांचे म्हणणे असे होते की आपण आपली मुले बाहेर काढली तर बर्लिनकर त्याचा अर्थ एकच लावतील. युक्तिवाद राजकारण म्हणून बिनतोड होता. बाप म्हणून पाहिले तर अंगावर काटा येतो, कारण याचा अर्थ शाळेत जाणारी मुले हीच तिथे राहण्याच्या निर्धाराची निशाणी ठरली.

२४ जून १९४८ पासून, चारी बाजूंनी रशियन विभागाने वेढलेल्या बर्लिनच्या पश्चिम भागाकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद झाले आणि १२ मे १९४९ पर्यंत पश्चिम बर्लिनचे सुमारे २० लाख लोक मुख्यतः विमानांतून येणाऱ्या मालावर जगले. या काळातल्या मुलांच्या आठवणींत आवाज फार आहे : दिवसरात्र डोक्यावरून जाणारी विमाने, आणि ती थांबली तर झोपेतून येणारी जाग. सरोवरावर उतरणारी विमानेही होती. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या ब्रिटिश सुंदरलँड विमानांना मिठाने गंज चढत नसे, म्हणून बर्लिनचे मीठ हाफेल नदीच्या सरोवरावर उतरवले जाई. एकाच दिवशी, १६ एप्रिल १९४९ रोजी, सुमारे १,४०० फेऱ्यांतून जवळजवळ १३,००० टन माल उतरला.

टेंपलहोफ विमानतळाच्या कुंपणाशी जमलेल्या जर्मन मुलांना गेल हॅल्व्होर्सन या वैमानिकाने च्युइंगमच्या दोन कांड्या दिल्या, त्यांनी त्या न भांडता वाटून घेतल्या, ज्यांना वाटा मिळाला नाही त्यांनी वेष्टनाचे तुकडे हुंगले, आणि त्यानंतर रुमालांच्या छत्र्यांना बांधलेली चॉकलेटे आकाशातून पडू लागली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिची गोडी मी नाकारत नाही. पण कुपोषित जर्मन मुलांना परतीच्या विमानांतून बर्लिनबाहेर नेले जात होते आणि अमेरिकन मुलांना धोरण म्हणून आत ठेवले होते, ही जोडगोळी मला रुमालांच्या छत्र्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. इटलीत लढून ते जपानला गेले असे घरात सांगतात, आणि एका फोटोत ते गणवेशात, कडेवर जपानी मूल घेऊन उभे आहेत. मराठा सैनिक जपानला खरेच गेले होते का? त्यांच्याबरोबर कुटुंबे गेली होती का? माझ्या थोरल्या आत्या म्हणत की त्या 'जपानच्या वेळच्या' आहेत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : गेले होते. जपान शरण आल्यावर तिथे ब्रिटिश राष्ट्रकुलाचे सैन्य पाठवले गेले, त्यात ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होती, तिच्यात २६८ वी भारतीय ब्रिगेड होती, आणि तिचे नेतृत्व ब्रिगेडियर के. एस. थिमय्या करत होते, जे पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. या ब्रिगेडमध्ये पंजाब आणि गुरखा पलटणींबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे. त्यामुळे आपल्या घरातली 'इटलीतून जपान' ही साखळी अगदी बरोबर बसते. राष्ट्रकुलाच्या सैन्याकडे आलेल्या पश्चिम जपानात, शिमाने, तोत्तोरी आणि ओकायामा या भागांत भारतीय तुकड्या होत्या, आणि १९४७ मध्ये त्या परत आल्या.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन सैनिकांची कुटुंबे जपानला पोहोचू लागली. कुरे बंदराजवळ हिरो येथे त्यांच्यासाठी 'निजिमुरा', म्हणजे इंद्रधनुष्य-गाव, नावाची वसाहत उभी राहिली. तिथून हिरोशिमा पंचवीस-तीस किलोमीटरवर. सहलीला जाताना राखेचे शहर वाटेत लागते, हे त्या मुलांच्या स्मरणात सपाटपणे, बाकीच्या सहलींसारखेच नोंदलेले असे. जर्मनीत दुसऱ्याचे घर घेतले गेले. इथे बहुतेक नवे घर बांधले गेले, पण खर्च पराभूत सरकारचा आणि काम करणारे हातही त्यांचेच. टोकियोत अमेरिकनांनी योयोगीच्या कवायतीच्या मैदानावर शेकडो घरांचे 'वॉशिंग्टन हाइट्स' वसवले; १९६४ च्या ऑलिंपिकसाठी ती जागा परत मिळाली, त्या घरांत खेळाडू राहिले, आणि त्यांतले एक घर योयोगी उद्यानात अजून जपून ठेवले आहे.

मराठा जवानांची बायकामुले मात्र गावीच होती. परदेशातले बालपण त्यांच्या वाट्याला आले नाही. परदेश त्यांच्याकडे आला तो मनीऑर्डरीतून, दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या पत्रातून, आणि आठ वर्षांच्या मुलीला ओळखू न आलेल्या बापाच्या रूपाने. आपल्या आत्या 'जपानच्या वेळच्या' आहेत याचा अर्थ मी असा घेतो की आजोबा जपानला असताना किंवा तिथून आल्यावर त्यांचा जन्म झाला. आपल्याकडे दुष्काळावरून, पुरावरून आणि प्लेगवरून वये मोजत. एखाद्या घरात ते पलटणीच्या मुक्कामावरून मोजले गेले असेल तर नवल नाही. आत्यांच्या जन्माचा दाखला असेल तर वर्ष लगेच कळेल.

फोटोतल्या मुलाविषयी काही सांगता येणार नाही. फोटो चौकटीतून काढून मागची बाजू मात्र पाहावी. स्टुडिओचा शिक्का जपानी अक्षरांत असेल, तर त्यात गावाचे नाव असण्याचा संभव आहे. त्याची स्पष्ट छायाप्रत आमच्याकडे पाठवावी, जपानी जाणणाऱ्या एखाद्या वाचकाकडून ती वाचून घेऊ. ते मूल कोणाच्या घरचे होते आणि आजोबांच्या कडेवर कसे आले, हे घरातल्या कोणी कधी त्यांना विचारले होते का, तेही कळवावे.